ग्राफिक डिझाइनचं पहिलं वर्ष: एक सत्र कसंबसं काढलं, आता पुढे कसं टिकायचं?

निळी_शाई

नमस्कार. बरेच दिवस इथलं नुसतं वाचते आहे, आज पहिल्यांदा लिहिते आहे.

मी बडोद्याची. घर दांडिया बाजारात, तीन पिढ्यांपासून. जुलैत ग्राफिक डिझाइनच्या पदवीला प्रवेश घेतला. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बारावीपर्यंत वर्गातली चित्रकलावाली मीच होते. शाळेचा फलक, गणपतीची आरास, नातेवाइकांच्या लग्नातल्या रुखवताच्या पाट्या, सगळं माझ्याकडे यायचं. कॉलेजात आले तर वर्गातले सगळेच आपापल्या शाळेचे चित्रकलावाले.

डिसेंबरात पहिल्या सत्राची ज्युरी झाली. माझी रंगाची बारा शीट भिंतीवर लावली होती. एकाही शीटवर डाग नाही, कडा सरळ, माउंटिंग नीट. बाहेरून आलेले परीक्षक दोन मिनिटं समोर उभे राहिले आणि म्हणाले, "स्वच्छ आहे. पण यात तू काय शोधलंस?" मला उत्तर देता आलं नाही. गुण काठावर मिळाले. घरी येऊन जिन्यातच बसले, वर जायचा धीर झाला नाही.

आता दुसऱ्या सत्रात टू-डी, थ्री-डी, लेटरिंग, निसर्गचित्रण, कलेतिहास. आठवड्यातल्या तीन रात्री जागरणात जातात. आजी पहाटे पाणी प्यायला उठते आणि मला बघून म्हणते, "डोळे जातील गं बाळा." वर्गातल्या काहींचा कॉम्प्युटरवर भरभर हात चालतो, मला ते काहीच येत नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. जागरणं कमी कशी करायची? सॉफ्टवेअर आत्ताच शिकायला घेऊ का? आणि भिंतीवर काम लागलेलं असताना सगळ्यांसमोर कुणी बोललं तर ते घ्यायचं कसं? मला हे सोडायचं नाहीये. पण असंच चाललं तर मी टिकेन असंही वाटत नाही.

अधोरेखा

शाई, मी शेवटच्या वर्षाला आहे, बडोद्यातच. तुझं जिन्यातलं बसणं वाचलं आणि माझा पहिल्या वर्षाचा जानेवारी आठवला. सविस्तर लिहिते.

तुझे तीन प्रश्न मला एकच वाटतात. मी पहिल्या वर्षी काम लपवायचे. रफ वही पिशवीतून बाहेर काढायचे नाही. फेअर पूर्ण झाल्याशिवाय सरांना नाही, मैत्रिणीला नाही, कुणालाच दाखवायचं नाही. फेअर पूर्ण व्हायचं सबमिशनच्या पहाटे. म्हणजे चूक कुठे झाली ते पहिल्यांदा कळायचं भिंतीवर, आणि तिथे दुरुस्त करता येत नाही. जागरण त्यातूनच, बोललेलं लागायचं तेही त्यातूनच. रात्रभर जागून केलेल्या शीटला कुणी काही म्हणालं की ते आपल्यालाच म्हटल्यासारखं लागतं. चौथ्या मिनिटाला काढलेल्या काडेपेटीएवढ्या चौकोनावर सरांनी फुली मारली तर काही वाटत नाही. चौकोनच तो, शेजारी दुसरा काढायचा.

म्हणून अर्धवट काम दाखवायला शिक. मला हे कळायला दीड वर्ष लागलं.

असाइनमेंट मिळाली त्याच संध्याकाळी वीस थंबनेल, म्हणजे कल्पनेची छोटी रफ चित्रं, काढ. पेन्सिल किंवा बॉलपेन, काडेपेटीचा आकार, एकेकाला तीन-चार मिनिटं. पहिली सहा-सात सगळ्यांना सुचतात तीच असतात. दहाव्यानंतर हात अडखळतो, आणि तिथून पुढे तुझं स्वतःचं काहीतरी यायला लागतं. दुसऱ्या दिवशी ती वही सरांसमोर उघडून ठेव. ती पानं फेकू नकोस, ज्युरीच्या दिवशी फेअरशेजारी लाव. "काय शोधलंस" याचं उत्तर त्या पानांवर असतं. ते परीक्षक दुष्ट नव्हते गं. त्यांना फक्त शेवट दिसत होता, तिथवरचा रस्ता दिसत नव्हता.

रंगाच्या शीटबद्दल एक. तोच राखाडी चौकोन काळ्यावर ठेवला की उजळ दिसतो आणि पांढऱ्यावर ठेवला की गडद. लालावर ठेवला तर त्यात हिरवट झाक येते. जर्मन चित्रकार-शिक्षक जोसेफ अल्बर्स आपल्या विद्यार्थ्यांकडून रंगीत कागदांचे तुकडे एकमेकांवर ठेवून हेच करून घ्यायचे. त्या बारा शीटांचा हेतू हा असतो: शेजार बदलला की रंग किती बदलतो ते डोळ्याने पकडायचं. ते न पकडता नुसतं सफाईने भरलं तर हात तयार होतो, डोळा राहून जातो. सफाई वाईट नाही, ती तुला पुढे फार उपयोगी पडेल.

आणि पोस्टर कलरचं: वाळल्यावर फिके रंग थोडे गडद होतात, गडद रंग थोडे फिके होतात. ओल्या रंगावर भरवसा ठेवू नकोस. आधी त्याच कागदाच्या पट्टीवर लावून वाळू दे, मग बघ. मिश्रण लागेल त्याच्या दीडपट कर आणि औषधाच्या बाटलीच्या टोपणात झाकून ठेव. संपल्यावर तीच छटा पुन्हा जुळत नाही. माझ्या दोन रात्री निव्वळ त्यात गेल्या होत्या.

सुरसागर

अधोरेखाशी शंभर टक्के सहमत. एकच भर: माउंट बोर्ड कापायचं काम रात्री बारानंतर करू नका. दमलेला हात, नवं ब्लेड आणि प्लॅस्टिकची पट्टी, माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे. स्टीलचीच पट्टी घ्या. बोथट ब्लेड जास्त धोक्याचं, कारण मग आपण जोर लावतो.

ट्रेडलवाले

मुली, मी रावपुऱ्यात छोटा छापखाना चालवतो. वडिलांच्या वेळी ट्रेडल (पायाने चालवायचं छपाई यंत्र) होतं, आता ऑफसेट आणि डिजिटल. दरवर्षी सबमिशनच्या आदल्या रात्री शटर अर्धं खाली असताना तुझ्यासारखी मुलं पेनड्राइव्ह घेऊन धावत येतात. रडवेले चेहरे बघून मशीन पुन्हा सुरू करावंच लागतं. पण त्या वेळी मी काहीच सुधारू शकत नाही, त्याचं वाईट वाटतं. म्हणून दिवसा ये आणि शिकून जा.

पहिल्या वर्षाला एवढं पुरे आहे. पडद्यावर रंग उजेडाचे, लाल-हिरवा-निळा. कागदावर शाईचे, म्हणजे सायन, मजेंटा, पिवळा, काळा. पडद्यावरचा झगमगता निळा किंवा पोपटी हिरवा शाईत उतरत नाही, तो मंदच येतो. तो मशीनचा दोष नाही. छापायचं असेल तर पहिल्यापासून सीएमवायकेमध्ये, म्हणजे या चार शायांच्या रंगांत, बघत जा. कडेपर्यंत रंग जाणार असेल तर चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जास्त ठेव, नाहीतर कापताना पांढरी रेघ राहते. फोटो छापण्याच्या मापाला तीनशे डीपीआय (इंचाला तीनशे ठिपके) हवा, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला चालत नाही. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेव. चारही शायांचा मिळून काळा केलास आणि छपाई केसभर सरकली, की अक्षराला रंगीत सावली पडते. पुस्तिकेला मधून पिना मारायच्या असतील तर पानं चारच्या पटीतच. दहा पानांची पुस्तिका घेऊन आलेली मुलं मी दरवर्षी बघतो.

सगळ्यात जास्त रडारड फॉन्टवरून होते. जुन्या पद्धतीच्या मराठी-गुजराती फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल, तो फॉन्ट माझ्याकडे नसेल तर वेगळाच पाढा उमटतो. कोरल ड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये असशील तर सगळं निवडून कंट्रोल-क्यू कर, अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसत्या आकृत्या होतात, मग फॉन्ट लागत नाही. पण मूळ फाइल वेगळी जपून ठेव, कर्व्ह झालेल्या अक्षरात शुद्धलेखन सुधारता येत नाही.

एक सांगतो, कारण बडोद्याच्या पोरांना ते माहीत असावं. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळायच्या आधी छपाईतलेच होते, आणि ते शिकले आपल्या कलाभवनात. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेलं कलाभवन. राजा रविवर्म्यांना चित्रं छापून घरोघरी पोचवा असं सुचवणारे टी. माधवरावही आधी बडोद्याचे दिवाण होते. त्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागायचा. रंग वेगळे करून विचार करायची सवय लावून घे, मग पुढचं सॉफ्टवेअर सोपं जाईल.

तुळशीवृंदावन

मी विद्यार्थिनी नाही, आई आहे. मुलगा यंदा प्रवेश घेणार. 'ग्राफिक' या एका शब्दाने आमच्या घरात गोंधळ झालाय. कुणी म्हणतं फाइन आर्ट्सला ग्राफिक आर्ट्स आहे, तेच घ्या. आणि खर्चाचं खरं काय ते सांगाल का? फी समजली, बाकीचं कुणी बोलत नाही.

अधोरेखा

@तुळशीवृंदावन, काकू, बरं झालं विचारलंत. फाइन आर्ट्सच्या जगात 'ग्राफिक आर्ट्स' म्हणजे छापचित्रण: लिथोग्राफ (दगडावरून घेतलेला छाप), एचिंग (आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून घेतलेला छाप), लाकडावर कोरून घेतलेले ठसे. बोधचिन्ह, पुस्तकाचं मुखपृष्ठ, पाकीट, जाहिरात हे हवं असेल तर तिथे 'अप्लाइड आर्ट्स' बघायचं. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये या दोन वेगळ्या शाखा आहेत. डिझाइनच्या संस्थांमध्ये शब्द पुन्हा वेगळे असतात, तेव्हा नावावर न जाता अभ्यासक्रम वाचा.

खर्च साहित्यात होतो आणि तो थेंबाथेंबाने होतो, म्हणून कळत नाही. जूनमध्ये वरच्या वर्षातली मुलं कटिंग मॅट, पट्ट्या, ड्रॉइंग बोर्ड, अर्धे रंग देऊन टाकतात, ते मागून घ्या. रंगांचा मोठा संच नको. दोन पिवळे, दोन लाल, दोन निळे, पांढरा मोठा, काळा लहान. पिवळ्यात काळा घातला की शेवाळी हिरवा येतो, असल्या गोष्टी थोड्या रंगांतच शिकता येतात. ब्रश मात्र स्वस्त घेऊ नका. लॅपटॉप पहिल्या दिवशी घ्यायची गरज नाही, निदान पहिलं सत्र जाऊ द्या.

सराफ्यातला

इंदूरहून लिहितोय. नमकीन आणि मसाल्यांच्या पाकिटांचं डिझाइन करतो, नऊ वर्षं झाली. वरचं जवळपास सगळं पटलं, पण लॅपटॉप-सॉफ्टवेअर नंतर बघू, याबद्दल माझं मत वेगळं आहे.

पहिल्या वर्षी हातावर लक्ष द्या हे खरं. पण ज्या मुलांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, त्यांना हा सल्ला महागात पडतो. मी त्यातलाच. दुसऱ्या वर्षी सगळे डिजिटल करायला लागले तेव्हा मला फाइल सेव्ह कुठे होते तेही कळत नव्हतं, आणि ती लाज मला वर्षभर पुरली. म्हणून शाई, रोज वीस मिनिटं एकच प्रोग्राम घे. विकत घ्यायची गरज नाही. इंकस्केप फुकट आहे, रंगवायला क्रिटा फुकट आहे. आणि ट्यूटोरियल बघून चकचकीत इफेक्ट शिकू नकोस. पेन टूलने (बिंदू जोडून वळणं काढायचं साधन) तुझ्या घरच्या तांब्याची कड काढ. कमीत कमी बिंदूंत ती वळणं यायला हवीत. हा हाताचाच अभ्यास आहे, फक्त हत्यार वेगळं.

हात आणि डोळा याबद्दल माझा वाद नाही, आमच्या गावची परंपराच ती आहे. १९५० मध्ये तुमच्या बडोद्याला शिकवायला आलेले चित्रकार ना. श्री. बेंद्रे इंदूरचे, इथल्या कलाशाळेतल्या देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली तयार झालेले.

अधोरेखा

@सराफ्यातला, मान्य. माझ्या घरी कॉम्प्युटर होता, म्हणून मला ही बाजू दिसली नाही. तांब्याचा अभ्यास मी पण करून बघते.

निळी_शाई

सगळ्यांचे मनापासून आभार. ट्रेडलवाले काका, शनिवारी दुपारी नक्की येते.

आता अडलंय लेटरिंगमध्ये. दुकानाची पाटी करायची आहे, एकच शब्द देवनागरीत आणि गुजरातीत. दोन्हीची उंची पट्टीने मोजून अगदी सारखी घेतली, जाडी सारखी घेतली. मॅडम म्हणाल्या, "गुजराती शब्द विखुरला आहे आणि हडकुळा झाला आहे." मला दिसतंय की तसं झालंय, पण का ते कळत नाही. (आणि हो, या वेळी मी अर्धवट असतानाच दाखवलं.)

बोरू

अर्धवट दाखवलंस हे वाचून फार आनंद झाला. मी तीस वर्षं सुलेखन शिकवलं, आता घरी असतो. तुझी अडचण उत्तम आहे, आणि बडोद्यात वाढलेल्या मुलीलाच ती नीट सुटेल, कारण दोन्ही लिप्या तुझ्या डोळ्यांसमोर लहानपणापासून आहेत.

देवनागरीत शिरोरेषा शब्दाला बांधून ठेवते. दोन अक्षरांमधलं अंतर थोडं चुकलं तरी वरची रेघ सांभाळून घेते. गुजरातीला ती रेघ नाही. ती लिपी देवनागरीची सख्खी बहीण, पण पिढ्यान्‌पिढ्या हिशेबाच्या वह्यांत आणि पत्रांत भराभर लिहिली गेली, आणि रेघ गळून पडली. तिथे शब्द बांधून ठेवायचं काम अक्षरांमधल्या पांढऱ्या जागेला करावं लागतं. तू देवनागरीची अंतरं तशीच गुजरातीला दिलीस, म्हणून शब्द विखुरला. अक्षरं जवळ घे, पण पट्टीने मोजून नको. दोन गोल अक्षरांमध्ये वर-खाली आपोआप जागा उरते, ती जास्त जवळ येतील. दोन उभ्या दंडांना थोडी मोकळीक लागेल. अक्षरांच्या मधे वाळू ओतली तर प्रत्येक फटीत सारखी मावली पाहिजे, असं मी मुलांना सांगायचो.

हडकुळेपणाचं कारणही तेच. शिरोरेषा म्हणजे भरपूर काळं. ते नसलं की त्याच उंचीचा, त्याच जाडीचा शब्द फिकट दिसतो. गुजरातीची रेघ किंचित जाड कर, गरज वाटली तर उंचीही किंचित वाढव. मग कागद भिंतीला लाव, आठ पावलं मागे जा आणि डोळे बारीक कर. दोन्ही शब्द सारखे काळे दिसले की थांब. त्यानंतर पट्टी पुन्हा हातात घेऊ नकोस.

टाक कसा धरतेस तेही बघ. रोमन अक्षरात जाड-बारीकपणाचा कल ज्या दिशेला असतो, देवनागरीत तो उलट्या दिशेला असतो. इंग्रजी कॅलिग्राफीची निब तशीच वापरलीस तर अक्षर परकं दिसतं. बोरू मिळाला तर उत्तम.

पुढे कॉम्प्युटरवर जाशील तेव्हा आपला ल आणि आपला श जप. बऱ्याच फॉन्टांत ते हिंदी वळणाचे येतात. हिंदी वळणाच्या ल ला उजवीकडे पूर्ण दंड असतो, आपला ल मधल्या छोट्या देठाला दोन्ही अंगांनी लोंबतो. मजकुराची भाषा मराठी निवडली की काही फॉन्ट आपोआप वळण बदलतात. अ‍ॅडोबीच्या सॉफ्टवेअरात जोडाक्षरं फुटली तर वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडायचा. पाटी मराठी माणसाची असेल तर अक्षरंही मराठी वळणाची असावीत, याचा मला आग्रह आहे.

सुरसागर

बोरू काकांचं वाचून सुचलं. शाई, तू दांडिया बाजारात राहतेस, म्हणजे तांबेकर वाडा तुझ्यापासून चालत. एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं, भिंतीच्या भिंती भरलेल्या. टू-डीच्या रचनेला याहून चांगली शाळा नाही. एवढ्या गर्दीत डोळा कुठून कुठे नेला आहे ते बघ. कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाडांच्या स्मारकात, चित्रकार नंदलाल बोसांची भित्तिचित्रंही बघ. तिथे एक गंगावतरण आहे, एक मीराबाईंचं चरित्र. आपण या शहरात राहतो आणि पाहुणे आले तरच बघतो. निसर्गचित्रणासाठी कमाटी बाग. तिथल्या प्राणिसंग्रहालयातली माकडं स्थिर बसत नाहीत, म्हणून भरभर काढायला शिकतो.

तुळशीवृंदावन

शाई, एक आई म्हणून सांगते. आजीला रोज थोडं काम दाखव. तिला कळलं नाही तरी चालेल. आमचा मुलगा दार लावून बसतो, तेव्हा आम्हाला फक्त दार दिसतं.

निळी_शाई

तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

पाटी झाली. गुजराती शब्दाची रेघ अर्धा मिलिमीटरहून कमी वाढवली आणि अक्षरं जवळ घेतली. मॅडम मागच्या बाकापर्यंत गेल्या, डोळे बारीक केले आणि "हं" म्हणाल्या. वर्गात त्यांचा "हं" कसा असतो ते सगळ्यांना माहीत आहे.

टू-डीची वीस थंबनेल सरांना दाखवली. सतरावर फुल्या मारल्या. घशात आवंढा आला होता, खोटं सांगत नाही. पण त्यांनी एकोणिसाव्यावर बोट ठेवून विचारलं, "हे इथून का कापलंस?" आणि मला उत्तर देता आलं. तांबेकर वाड्यात बसून काढलं होतं ते. एक माणूस चौकटीतून अर्धा बाहेर गेलेला दिसला होता, तसं करून बघितलं होतं. त्यावर ते पंधरा मिनिटं बोलले.

जागरण तीन रात्रींवरून एकावर आलंय. आजी संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन बसते. वीस चौकोनांतला तिला कुठला आवडला ते सांगते. दोनदा तिचा आणि सरांचा एकच निघाला.

इंकस्केपमध्ये तांब्या काढला. पहिल्यांदा एकतीस बिंदू लागले, काल नऊ. सराफ्यातला दादा, अजून कमी व्हायला हवेत का?

रविवारी सकाळी आम्ही वर्गातले पाच जण पुन्हा वाड्यात जाणार आहोत. अधोरेखाताई, येशील? बोरू काका, तुम्हाला जमलं तर आम्हाला फार आवडेल.

सराफ्यातला

सहा. कडेला दोन, पोटाला दोन, बुडाला दोन. नऊही छान आहेत.

बोरू

जिने चढायला वेळ लागतो, पण येतो. सगळ्यांनी वही आणा, फोन खिशात.

ट्रेडलवाले

कापून उरलेल्या कागदाच्या पट्ट्या मी तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवतो आहे, आर्ट पेपर नाही, साधा मॅपलिथो, पेन्सिल छान चालते. वाड्यात जाताना दुकानावरून घेऊन जा. रविवारी दहापर्यंत मी असतो.